पक्षीनिरीक्षणाची सुरुवात: ८×४२ की १०×५०? डोळ्यांना चष्मा आहे

सकाळचा_फेरफटका

नमस्कार मंडळी,

पक्षीनिरीक्षण नीट शिकायचं आहे. चालायला जातो त्या वाटेवर दाट झाडी, एक तळं आणि पलीकडे मोकळा माळ असं तिन्ही आहे. नुसत्या डोळ्यांनी दहा-बारा पक्षी ओळखता येतात, त्यापुढे गाडी अडते.

घरात एक जुनी १०×५० दुर्बीण आहे. तिच्यातून बघताना तीन अडचणी येतात.

१) चष्मा लावून बघितलं की चित्र एवढ्याशा गोलात दिसतं, भोवती सगळा काळोख. चष्मा काढला तर कडेने काळ्या चंद्रकोरी सरकत राहतात.

२) झाडावरचा पक्षी साध्या डोळ्यांना दिसत असतो, पण दुर्बीण लावली की सापडत नाही. नुसती पानं आणि फांद्या.

३) दहा-पंधरा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं.

दोष दुर्बिणीचा की वापरण्याचा? नवी घ्यायचीच झाली तर कोणते आकडे बघायचे? आणि कॅमेरा, पुस्तक, अ‍ॅप यांपैकी आधी काय?

---

भिंगवाला

नवी घ्यायचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा. दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेतली नाही की नेमक्या याच तक्रारी येतात, आणि न जुळवता नवीकोरी आणलीत तर तिच्यातही येतील.

आधी आकडे. १०×५० मधला १० म्हणजे शंभर मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो. ५० हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. तुमच्या दुर्बिणीत ती ५ मिमी आहे. ८×४२ मध्ये ५.२५, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४ आणि खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये जेमतेम २.६. भर उन्हात आपली बाहुली २-३ मिमीपर्यंत आकसते, त्यामुळे दुपारी या सगळ्यांतून उजेडात फारसा फरक जाणवत नाही. पहाटे, तिन्हीसांजेला आणि दाट सावलीत बाहुली मोठी होते आणि तेव्हा बारीक झोताची दुर्बीण अंधुक वाटते. शिवाय झोत जाड असला की डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र काळं पडत नाही. नवख्या माणसाला उजेडापेक्षा याचाच उपयोग जास्त.

आता जुळवणी, याच क्रमाने करा.

नळ्यांमधलं अंतर. दुर्बीण डोळ्यांना लावून मधल्या बिजागरीवर नळ्या हळूहळू जवळ-लांब करा. दोन गोल मिसळून एकच स्वच्छ गोल दिसला पाहिजे. सिनेमात दाखवतात तसा आडव्या आठसारखा आकार दिसत असेल तर अंतर चुकलंय. काळ्या चंद्रकोरींचं हे पहिलं कारण. बऱ्याच दुर्बिणींच्या बिजागरीवर मिलिमीटरचे आकडे कोरलेले असतात. तुमचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणी वापरली तरी पुन्हा चटकन जुळवता येईल.

आयकप. डोळ्याकडच्या भिंगाभोवतीची रबरी कडी. प्रत्येक दुर्बिणीत डोळा भिंगापासून एका ठरावीक अंतरावर असला तरच पूर्ण चित्र दिसतं. त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावून बघायचं तर कडी पूर्ण दुमडायची किंवा फिरवून आत घ्यायची, कारण चष्म्याच्या काचेनेच १०-१२ मिमी खाल्लेले असतात. चष्म्याशिवाय बघायचं तर कडी बाहेर. चष्मा लावून कडी बाहेर ठेवली की तुम्ही म्हणता तसं एवढंसं गोल चित्र दिसतं. कडी आत आणि चष्मा नाही, अशा वेळी डोळा भिंगाच्या फार जवळ जातो आणि चंद्रकोरी येतात. हे दुसरं कारण. मात्र जुन्या १०×५० मध्ये आय रिलीफ बऱ्याचदा १० मिमीच्या आसपासच असतो. तसं असेल तर कडी दुमडूनही चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसणार नाही.

डायॉप्टर. आपले दोन डोळे सहसा सारखे नसतात. बहुतेक दुर्बिणींत उजव्या आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर, वेगळं फिरणारं कडं असतं, त्यावर शून्य आणि अधिक-उणे खुणा असतात. वीस-तीस मीटरवरची बारीक रेघांची वस्तू धरा, पाटीवरची अक्षरं उत्तम. उजव्या नळीचं पुढचं भिंग तळहाताने झाका. डोळा मिटू नका. एक डोळा मिटला की दुसराही नकळत आवळला जातो आणि माप चुकतं. डाव्या डोळ्याने बघत मधल्या चाकाने अक्षरं कोरल्यासारखी स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजवं कडं फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. झालं. कडं कुठल्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवा. यापुढे फोकस फक्त मधल्या चाकाने. पिशवीतून काढता-घालताना कडं सरकतं, म्हणून रोज निघताना एकदा नजर टाका.

डोकं ठणकण्याचं कारण बहुतेक वेळा चुकलेला डायॉप्टर असतो. जुळवूनही ठणकलं तर नळ्यांची रेषा बिघडलेली असू शकते. त्याची परीक्षा सोपी आहे. दुर्बीण भिंतीवर टेकवून लांबची आडवी तार किंवा छपराची कड बघा. मग डोकं हळूहळू पंधरा सेंटिमीटर मागे घ्या. दोन वेगळे गोल दिसायला लागतील. तार दोन्ही गोलांत एकाच उंचीवर हवी. वर-खाली दिसत असेल तर आतला प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काच, हललाय. आडव्या दिशेतला थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, पण एक डोळा वर आणि एक खाली असं त्यांना फार वेळ जमत नाही, आणि त्या ओढाताणीतून डोकं दुखतं.

एक गोष्ट विनोदानेसुद्धा करू नका: दुर्बिणीतून सूर्याकडे बघणं. उडणाऱ्या घारीमागे दुर्बीण फिरवताना सूर्य कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं.

---

गवताळ_माळ

दुसऱ्या अडचणीबद्दल बोलतो, म्हणजे पक्षी न सापडण्याबद्दल. बहुतेकांचं असं होतं की पक्षी दिसला की नजर खाली दुर्बिणीकडे जाते, दुर्बीण वर येते आणि मग शोध सुरू होतो. इथेच पक्षी हरवतो.

नजर पक्ष्यावरून हलवायचीच नाही. डोकंही हलवायचं नाही. दुर्बीण छातीशी दोन्ही हातांत तयार असते. तीच उचलून नजरेच्या आड आणायची. डोळे पक्ष्याकडे रोखलेलेच असल्यामुळे तो गोलाच्या मध्यावर येतो. सवयीसाठी पक्षी लागत नाही. खिडकीत उभं राहून समोरच्या झाडाचं एक विशिष्ट पान, विजेच्या खांबावरचा एक चिनीमातीचा इन्सुलेटर, गच्चीच्या टाकीचं झाकण, असं काहीही निवडा आणि दिवसातून वीस वेळा दुर्बीण उचला. चार-पाच दिवसांत हात बसतो.

दाट झाडीत तेवढ्याने भागत नाही. दुर्बीण उचलण्याआधी पक्ष्याजवळची एक खूण पक्की करा: वाळलेली फांदी, पिवळं पान, खोडावरची गाठ. पक्षी हलला तर खुणेवर जा आणि तिथून शोधा. बरोबर कुणी असेल तर 'तो बघ तिकडे' म्हणून उपयोग नाही. झाडाचा घेर घड्याळाची तबकडी समजून सांगा: 'दोन वाजता, कडेपासून हातभर आत.'

फोकसचं पण तसंच. वाटेवरून चालताना चाक सतत वीसेक मीटरवर लावून ठेवा, म्हणजे दुर्बीण उचलल्यावर चित्र निदान ओळखू येण्याइतकं तरी दिसेल. मागचा पक्षी तळ्याच्या पलीकडे बघितला असेल आणि चाक तसंच राहिलं असेल, तर पाच मीटरवरच्या झुडपातला शिंपी पक्षी तुम्हाला नुसता हिरवट डाग दिसतो आणि फोकस होईपर्यंत उडून जातो. जवळ आणायला चाक डावीकडे की उजवीकडे हे बोटांना पाठ असू द्या.

धरण्याची पद्धत: कोपर बरगड्यांना टेकलेले, अंगठे गालफडावर, आयकप भुवईखालच्या हाडावर अलगद दाबलेले. वर बघताना कोपर सुटतात, तेव्हा झाडाला पाठ टेकवा. सुरुवातीला चंचल पक्ष्यांच्या मागे लागू नका. बगळा, घार, तारेवरचा खंड्या किंवा वेडा राघू असे निवांत बसणारे पक्षी आधी. वेडा राघू तर फार चांगला गुरू आहे: किडा पकडायला झेप घेतो आणि बऱ्याचदा त्याच तारेवर परत येतो, त्यामुळे तुमचा फोकस तयारच असतो.

८ की १० या प्रश्नावर माझं मत असं. निव्वळ माळ आणि मोठं तळं असेल तर १०×४२ वाईट नाही, लांबच्या ससाण्यासाठी ती उपयोगी पडते. पण तुमच्या वाटेवर झाडीही आहे, आणि झाडीत १० ने हाल होतात. वस्तू दहापट मोठी दिसते तशी हाताची थरथरही दहापट दिसते. मधली वाट म्हणून ८च घ्या.

---

सकाळचा_फेरफटका

दोघांचेही आभार. तारेची परीक्षा केली. उजव्या गोलात तार स्पष्टपणे खाली दिसते. अंतर आणि डायॉप्टर जुळवल्यावर चंद्रकोरी गेल्या, पण ठणका आहेच. चष्म्यात सिलिंडरचा (डोळ्याच्या असमान वक्रतेचा) नंबर आहे, म्हणून चष्मा काढून बघणं जमत नाही. म्हणजे नवीच घ्यावी लागणार. दुकानात दहा मिनिटं मिळाली तर काय काय तपासू? ८×३२ हलकी असते, ती चालेल का?

---

भिंगवाला

बरोबर. नंबर फक्त जवळचा-लांबचा असता तर चष्मा काढून फोकसच्या चाकाने भागलं असतं. सिलिंडरचा दोष चाकाने भरून निघत नाही. प्रिझम घरी उघडून बसवायच्या फंदात पडू नका. नळ्यांची रेषा पुन्हा जुळवायला उपकरण आणि कसबी हात लागतो.

तुमच्यासाठी पहिला आकडा आय रिलीफ. १५ मिमी ही खालची मर्यादा समजा, १६ ते १८ असेल तर निवांत. काचेची जाडी आणि नाकावर चष्मा कसा बसतो यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून कागदावर विश्वास न ठेवता स्वतःचा चष्मा लावून, आयकप पूर्ण आत घेऊन बघा. गोलाची काळी कड सगळीकडून एकदम स्पष्ट दिसली की ती दुर्बीण तुमच्या चष्म्याला चालते. कड बघायला डोळा इकडेतिकडे फिरवावा लागत असेल तर नाही.

दुसरं, फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका नजरेत किती रुंदी दिसते. ती १००० मीटरवर किती मीटर अशी लिहितात, नाहीतर अंशात. १ अंश म्हणजे साधारण १७.५ मीटर. चांगल्या ८×४२ मध्ये १३० मीटरच्या आसपास मिळते, १०×४२ मध्ये १०५ ते ११५. झाडीत याचा अर्थ काय ते बघा: वीस मीटरवरच्या झाडाचा २.६ मीटर रुंद भाग ८×४२ मध्ये एकाच वेळी दिसतो, १०×४२ मध्ये २.१ ते २.३ मीटर. पानाआड उड्या मारणारा पर्णवटवट्या शोधताना ही तफावत जाणवते.

दुकानातल्या दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. दाराबाहेर या. मग हे बघा.

हात लांब करून, दुर्बिणीचा पुढचा भाग आभाळाकडे ठेवून आयपीसमध्ये दिसणारे दोन उजेडाचे ठिपके बघा. ते पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखे उजळ असावेत. ठिपक्याच्या कडा करड्या होऊन तो चौकोनी वाटत असेल तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची, बहुधा बीके-७. गोल असेल तर बीएके-४. भिंगांवर तिरका उजेड पाडून प्रतिबिंबं बघा. हिरवट-जांभळट आणि मंद असतील तर परावर्तन कमी करणारं लेपन (कोटिंग) चांगलं. लखलखीत पांढरं प्रतिबिंब दिसलं तर त्या पृष्ठभागावर लेपनच नाही. खोक्यावर 'फुली मल्टी-कोटेड' हे पूर्ण शब्द हवेत. नुसतं 'कोटेड' किंवा 'मल्टी-कोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवरच.

सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत रूफ प्रिझम असतो, तिच्यात 'फेज कोटिंग' आहे का हे विचारा; ते नसेल तर बारीक तपशील मऊ पडतो. खांदे बाहेर आलेल्या जुन्या घडणीच्या दुर्बिणीत पोरो प्रिझम असतो, त्याला हे लेपन लागत नाही. म्हणूनच कमी खर्चात पोरोचं चित्र बहुधा सरस निघतं. तिची उणीव अशी की ती बोजड असते आणि फोकस करताना आयपीसचा पूल पुढेमागे सरकत असल्यामुळे तिच्यात पाणी आणि धूळ शिरायला वाव असतो.

उजळ आभाळापुढची काळी फांदी बघा. कडेला जांभळी किंवा हिरवी झालर थोडी असतेच. मध्यभागीही ठळक दिसत असेल तर सोडून द्या. ईडी काच (रंग कमी फाकवणारी) असलेल्या दुर्बिणीत ती कमी असते. फोकसचं चाक एका बोटाने फिरावं आणि दिशा बदलताना मधे पोकळ जाऊ नये. तीन मीटरपर्यंत जवळचा फोकस यावा, म्हणजे फुलपाखरं आणि चतुरही बघता येतात. शेवटी तारेची परीक्षा इथेही करा. नवीकोरी दुर्बीणसुद्धा वाहतुकीत आपटलेली असू शकते.

या दुर्बिणी घेऊ नका: ८-२४×५० सारख्या झूमवाल्या (चित्राची रुंदी कमी, आणि दोन्ही नळ्यांचं झूम एकसारखं राहत नाही), लालभडक भिंगांच्या (लाल प्रकाश परत फेकतात, म्हणून चित्र हिरवट दिसतं आणि पक्ष्याचे रंग खोटे ठरतात), 'फोकस करायची गरज नाही' असं म्हणणाऱ्या, आणि हातात मावेल एवढ्या नळीवर ३०×६० किंवा त्याहून मोठे आकडे छापलेल्या. शेवटच्या प्रकारात आकडे बहुधा खोटेच असतात, आणि खरे असते तरी तीसपट हातात स्थिर राहिलं नसतं.

८×३२ जरूर चालेल. ८×४२ चं वजन ६०० ते ७५० ग्रॅम भरतं, ८×३२ बऱ्याचदा ५०० च्या आसपास. तासाभरानंतर मानेला हा फरक कळतो. अंधुक उजेडात थोडं कमी दिसेल एवढंच. ४२ ची घेतलीत तर गळ्यातला पट्टा काढून खांद्यांवरून जाणारा हार्नेस लावा. पट्टाच ठेवायचा तर आखूड करा. पोटापर्यंत लोंबणारी दुर्बीण प्रत्येक पावलाला आपटते, आणि नळ्यांची रेषा बिघडते ती अशाच धक्क्यांनी.

---

वहीतल्या_नोंदी

दुर्बिणीवर बरंच सांगून झालंय, मी ओळखण्याबद्दल सांगते. पुस्तक, अ‍ॅप, कॅमेरा यांच्याही आधी एक खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण शाई दवाने पसरते.

नवखी माणसं आधी रंग बघतात. रंग सगळ्यात शेवटी बघा. ज्याच्या मागून ऊन येतंय असा कुठलाही पक्षी काळा दिसतो, पिल्लांचा रंग वेगळा, मादीचा वेगळा, विणीच्या काळात नराचा वेगळा. आधी आकार, तोही ओळखीच्या पक्ष्याच्या मापाने: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, की घारीएवढा? मग चोच: दाणे फोडणारी जाड, किडे टिपणारी बारीक, चिखलात खुपसणारी लांब? मग शेपटीची लांबी आणि बसण्याची ढब. मग तो काय करतोय: खोडावर चढतोय, जमिनीवर उड्या मारतोय की पावलं टाकत चालतोय, शेपटी सतत खाली-वर करतोय का? धोबी पक्षी लांबून नुसत्या शेपटीवरून ओळखता येतो. एवढं झाल्यावर रंग, आणि तोही नेमक्या जागेसकट: डोळ्यावर भुवईसारखी रेघ आहे का, पंखावर पट्टा आहे का, कंबर पांढरी आहे का, शेपटीखालचं बूड कुठल्या रंगाचं? बुलबुलांच्या काही जाती तर बुडाच्या रंगावरून वेगळ्या करता येतात.

तुमच्या तळ्यावर उद्याच करून बघण्यासारखा धडा म्हणजे पांढरे बगळे. लांबून सगळे एकच वाटतात.

छोटा बगळा: चोच काळी, पाय काळे, पण बोटं पिवळी. चिखलातून पाय उचलतो त्या क्षणी पिवळे मोजे घातल्यासारखा दिसतो. उथळ पाण्यात लगबग करतो, पायाने चिखल ढवळतो.

गाय बगळा: मान आखूड, चोच आखूड आणि पिवळी. पाण्यापेक्षा गवतात आणि गुरांच्या पायांपाशी जास्त. विणीच्या काळात डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते.

मोठा बगळा: उंच, मानेला स्पष्ट वाक. चोच एरवी पिवळी, विणीच्या काळात काळी. म्हणजे नुसत्या चोचीच्या रंगावर गेलात तर फसलात. पक्की खूण तोंडाच्या फटीची: चोचीच्या मुळापासून निघालेली काळसर रेघ डोळ्याच्या मागे जाते. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच थांबते.

ही रेघ बघण्यासाठी दुर्बीण लागते, आणि ती दिसली की दुर्बीण नीट जुळली आहे याचीही खात्री पटते.

वहीत तारीख, वेळ, जागा, हवा, संख्या आणि पक्षी काय करत होता एवढं लिहा. न ओळखलेल्या पक्ष्याचं चित्र काढा. चित्रकला लागत नाही: अंगासाठी मोठा अंडाकार, डोक्यासाठी छोटा गोल, चोच आणि शेपटीच्या रेघा, मग बाण काढून जिथल्या तिथे शब्द. हे पक्षी समोर असताना करायचं, पुस्तक उघडण्याआधी. पुस्तकातलं चित्र एकदा बघितलं की न दिसलेली खूणही दिसल्यासारखी वाटायला लागते. चुकीच्या नोंदींचं हेच मोठं कारण आहे.

पुस्तक आपल्या भागातल्या पक्ष्यांचं घ्या, जगभरातल्या नव्हे. सुरुवातीला फोटोंपेक्षा रंगवलेल्या चित्रांचं बरं. फोटोत त्या एका पक्ष्यावर त्या क्षणी पडलेला उजेड असतो. चित्रकार सगळ्या जाती एकाच ढबीत शेजारी शेजारी मांडतो, नर-मादी-पिल्लू वेगळे दाखवतो. आढळाचा नकाशा त्याच पानावर असेल तर चुकीची निम्मी नावं तिथेच गळतात.

अ‍ॅपमध्ये कॉर्नेल लॅबचं मर्लिन मोफत आहे. जागा आणि तारीख बरोबर भरा, नाहीतर ते भलत्याच खंडातले पक्षी सुचवतं. आवाजावरून नाव सुचवण्याची सोय उपयोगी आहे, पण ती इशारा म्हणून वापरायची. कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, आणि वारा किंवा वाहनांच्या आवाजातही अ‍ॅप चुकतं. नाव आलं की त्या दिशेला बघा, पक्षी दिसला तर नोंद करा. घरी बसून आवाज ऐकायला झेनो-कँटो हा जगभरातल्या ध्वनिमुद्रणांचा खुला संग्रह आहे. एका आठवड्यात तीन आवाज, त्याहून जास्त नको.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची तर सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या भरा. ओळखलेले सगळे पक्षी यादीत हवेत, फक्त दुर्मीळ नव्हे. ते २००२ मध्ये सुरू झालं आणि २०१० पासून जगभरातले लोक तिथे नोंदी करताहेत. 'इतका वेळ बघितलं आणि चिमणी दिसली नाही' ही नोंदही अभ्यासाच्या कामी येते, पण यादी पूर्ण असेल तरच. कावळे-कबुतरं 'काय लिहायची' म्हणून गाळू नका.

---

पाणथळ_प्रेमी

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: पहिले सहा महिने नको. कॅमेरा हातात असला की माणूस पक्षी बघत नाही, फोटो बघतो. पुढे घेतलात तर निदान ४०० मिमीची लेन्स किंवा तेवढा झूम देणारा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा). बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/१६०० च्या आसपास.

स्पॉटिंग स्कोपची, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीची, घाई त्याहून नको. मोठ्या तळ्यावरची बदकं आणि चिखलातले तुतवार यांच्यासाठी तो लागतो, २० ते ६० पट मोठं दाखवतो, पण भक्कम तिवई नसेल तर काही दिसत नाही. ऊन चढल्यावर तापलेली हवा थरथरते आणि ६० पटीत चित्र उकळताना दिसतं. स्कोपमध्ये बिघाड नाही, हवेचा दोष. तेव्हा २५-३० वर उतरा किंवा सकाळीच या.

वेळ: सूर्योदयानंतरचे दोन तास. ऊन पाठीवर राहील अशा बाजूने वाटेवर शिरा. मळखाऊ रंगाचे कपडे. पण कपड्यांपेक्षा हालचाल महत्त्वाची: एका जागी दहा मिनिटं स्तब्ध उभं राहिलात तर चालण्यात दिसले नसते एवढे पक्षी आपण होऊन पुढे येतात.

दुर्बिणीची काच शर्टाने पुसू नका. धुळीत वाळूचे कण असतात आणि लेपनावर चरे पडतात. आधी रबरी फुग्याने फुंकर मारा, तोंडाने नको. मग मऊ ब्रश. मग गरज असेल तरच मायक्रोफायबर कापडावर लेन्स क्लीनरचा एक थेंब घेऊन मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. थेंब काचेवर टाकू नका, कडेने आत झिरपतो.

दमट हवेत खरा शत्रू बुरशी. कातडी किंवा जाड कापडी पेटीत ओल धरून राहते आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. ते लेपन खातात, मग साफ केलं तरी डाग राहतो. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुरतं. आतली आर्द्रता ४०-५० टक्के राखायची. दाण्यांचा रंग बदलला की तापवून वाळवा. भिजलेली दुर्बीण डब्यात बंद करू नका, आधी रात्रभर पंख्याखाली ठेवा. नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण आतून धुरकट होत नाही, पण बाहेरच्या काचेवर बुरशी तिलाही धरते.

आणि घरट्याबद्दल, कारण लवकरच एखादं सापडेल. चोचीत किडा धरून पक्षी फांदीवर थांबला आहे, घरट्यात जात नाही, ओरडतो आहे: याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात. तसेच मागे सरा. आडव्या आलेल्या फांद्या फोटोसाठी बाजूला करू नका, पिल्लांची सावली आणि आडोसा त्याच असतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजतो आणि अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. घरट्याची जागा नेटवर कुठे टाकूही नका.

---

सकाळचा_फेरफटका

हे सगळं वहीत उतरवून घेतो. शेवटची एक शंका: पहाटे दुर्बीण बाहेर काढली की काचेवर वाफ धरते, आणि थोड्या वेळाने चष्म्यावरही. दोन्ही टाळता येतं का?

---

भिंगवाला

दोन्हींची कारणं वेगळी आहेत. गार खोलीतून बाहेरच्या दमट हवेत गार काच आली की तिच्यावर दव धरतं. दुर्बीण पेटीतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या आणि मगच काढा. वाफ पुसू नका, आपोआप जाते. चष्म्यावरची वाफ तुमच्या श्वासाची. आयकप चष्म्याला घट्ट दाबून धरले की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरची कड टेकवा, खालून केसभर फट ठेवा, आणि बघताना श्वास नाकातून खाली सोडा. दव फार असेल तर एका दमात जास्त वेळ न बघता दुर्बीण मधूनमधून खाली घ्या.